अडीच इंच कापायला दीड महिना

गोल्फमधलं पटिंग (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल घरंगळवत होलमध्ये घालणं) सुधारायचं म्हणून लोक कोच लावतात, व्हिडिओ बघत रात्री जागवतात, मी पण जागवल्या. पण माझं घोडं अडलं ते एका दुकानात, आणि तेही दीड महिना. राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितेय.

मी पुण्याची, गोल्फ चाळिशी उलटल्यावर सुरू केलं, उंची पाच फूट एक इंच (लक्षात ठेवा, पुढे लागणारे). ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) आणि आयर्न (मधले फटके) जमायला लागले होते, सगळ्यांचे जमतात तेवढे. ग्रीनवर पोचलं की मात्र बोंब. अठरा होलला ४१ पट, म्हणजे ग्रीनवरचे फटके. पार, म्हणजे होलसाठी ठरवलेले फटके, मोजताना प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात म्हणजे ३६, आणि माझे ४१ हे चांगल्या दिवशी. लांबचे जाऊ दे, चार फुटांवरचे चुकायचे आणि सगळेच्या सगळे डावीकडून. आमच्या ग्रुपमध्ये गिमी द्यायची (जवळचा पट न मारताच गेला असं धरायची) पद्धत नाही, बाकीच्या तिघी नुसत्या गप्प उभ्या राहायच्या, ते जास्त लागायचं.

सल्ले तर काय फुकटच. डोकं हलवू नको, मनगट मोडतंय, चिमणी धरल्यासारखं धर. खरं कारण पकडलं आमच्या कॅडीकाकांनी. ते इतकी वर्षं लोकांच्या बॅगा उचलतायत की माणूस उभा कसा राहतो त्यावरनंच त्यांना कळतं. म्हणाले, "मॅडम, हा पटर तुमचा नाही ना?" नव्हताच. पटर म्हणजे पट मारायची काठी, माझ्याकडे होता तो नवऱ्याचा जुना, ३५ इंची, आणि तो पाच फूट अकरा. काकांनी मला बॉलसमोर उभं केलं आणि स्कोअरकार्डाची घडी करून पटरच्या पुढच्या टोकाखाली सरकवली, आरामात गेली. म्हणजे पटरची टाच (माझ्याकडची बाजू) जमिनीवर, टोक हवेत, आणि तसं झालं की पटरचं तोंड जरासं डावीकडे बघतं. मग म्हणाले, आता डोळ्यांच्या मधून दुसरा बॉल सरळ खाली सोडा. पडला तो खालच्या बॉलच्या चांगला चार बोटं अलीकडे, माझ्या पायांकडे. एवढ्या आतून बघितलं की रेषा तिरकीच दिसणार. लांब पटर पोटात घुसतो म्हणून मी मागे सरकून उभी राहत होते, एवढंच कारण, आणि मी वर्षभर मनगटाला शिव्या देत होते!

घरी बघायचं असेल तर जुनी सीडी जमिनीवर ठेवा, चकचकीत बाजू वर, मधल्या भोकावर बॉल. वाकून बघितल्यावर बॉलच्या अलीकडच्या कडेला स्वतःचा डोळा दिसला पाहिजे. मला नाकसुद्धा दिसत नव्हतं.

तर पटर कापायचा ठरलं. ३५ चा साडेबत्तीस, वर नवीन ग्रिप, म्हणजे मूठ. काम किती, तर जुनी ग्रिप काढा, दांडा कापा, टेप लावून नवीन ग्रिप सरकवा, अर्धा तास म्हणू. दुकानाचं नाव लिहीत नाही. पावतीवर "३ दिवस" असं त्यांच्याच अक्षरात. गणपतीच्या आधीचा आठवडा होता, तिथेच मी शहाणं व्हायला हवं होतं.

चौथ्या दिवशी फोन केला, ग्रिप संपलीये. आठवड्याने, ग्रिप आलीये पण कापणारा माणूस गावी गेलाय. गणपती म्हणजे ठीक आहे, मी समजू शकते, पण विसर्जन होऊन आठ दिवस झाले तरी तो गावीच! मग मी स्वतः गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, पितृपक्ष चालूये ना, नवीन काम शेठ हातात घेत नाहीत." अरे पण हे नवीन कुठे, तीन आठवड्यांपूर्वी दिलंय ना तुला! मागे शेल्फवर माझा पटर दिसत होता, न कापलेला, त्याच्यावर कोणीतरी छत्री अडकवलेली. म्हटलं दे तसाच परत, तर शेठ नाहीत आणि त्यांच्या सहीशिवाय सामान बाहेर जात नाही. मग नवरात्र. दर वेळी "उद्या नक्की". मिळाला तो दसरा झाल्यावर, पैसे पूर्ण घेतले, आणि ग्रिपच्या तोंडावर बुरशीसारखा गोंद तसाच.

ह्या दीड महिन्यात माझ्याकडे पटरच नव्हता. हॉलमधल्या फरश्या दोन बाय दोनच्या आहेत, म्हणजे दोन फरश्या बरोबर चार फूट. तिकडे एक वाटी आडवी ठेवायची आणि हाताने बॉल घरंगळवायचा, फरशीच्या सांध्यावरून. येडेपणा वाटतो, पण किती जोर द्यायचा ते हाताला कळतं. होल सव्वाचार इंचाचं, बॉल साधारण पावणेदोन इंचाचा, चार फुटांवरून हळू गेला तर दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच अंश चूक चालते. आणि जोरात मारला की तेवढीही नाही, कडेला लागून बाहेर. बॉल डावीकडे जातो म्हणून मी घाबरून जोरात मारत होते, म्हणजे दुहेरी नुकसान.

कापलेला पटर घेऊन गेले आणि पहिल्याच दिवशी सगळे पट आखूड! दांडा कापला की पटरचं डोकं हलकं लागतं, हे त्या शहाण्यांनी सांगितलंच नव्हतं. टेनिस रॅकेटला लावतात ती लेड टेप मिळते, तिचे चार तुकडे पटरच्या खालच्या बाजूला चिकटवले, एकेक लावून मारून बघत. तिसऱ्या तुकड्याला बरं वाटलं, चौथा हट्टाने लावला. दिसायला भंगार दिसतो, असू दे.

सध्या ३४-३५ पटांवर आहे. गेल्या शनिवारी शेवटच्या होलला चार फुटांचा, थोडा उताराचा, तिघी तशाच गप्प. गेला आत मधोमध. मी काही बोलले नाही, पण मोबाइलवर स्कोअर लिहायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेतला.

हे आधी सांगायला हवं होतं, आठ फुटांवरचे पट टूरवरचे (व्यावसायिक स्पर्धांतले) लोकही निम्मेच घालतात. हे कळल्यावर मी तिथून घालायचा हट्ट सोडला, दुसरा पट सोपा राहील एवढंच बघते. सराव चार फुटांचाच. दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) जमिनीत खोचायच्या, पटरच्या डोक्यापेक्षा नखभर जास्त अंतर ठेवून, आणि मधून मारायचं, टीला लागलं की मोजणी परत शून्यापासून. आपली गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकला एका शॉटने ब्राँझ हुकून चौथी आली ना, तिचे ड्राइव्ह बाकीच्यांपेक्षा किती मागे पडायचे बघा, ती टिकली ती पटिंगवर. मी ते बघून रडले होते.

पटर कापायला टाकणार असाल तर समोर उभं राहून कापून घ्या, तासभर लागू दे. पावतीवर तारीख घ्या, "३ दिवस" नको, तारीख. आणि भाद्रपदात तर देऊच नका.

आणखी एक, काकांचं. ग्रीनवर ज्या बाजूला गवत चकाकतं तिकडे बॉल पळतो, काळपट दिसतं तिकडे अडतो. पावसाळ्यात हे फारसं कळत नाही, ग्रीन ओलं असतं, पण ऑक्टोबरचं ऊन लागलं की सकाळचा आणि दुपारचा पट सारखा मारून चालत नाही. मी अजून दुपारी होलच्या पुढेच जाते.