दुसरा उपप्रश्न

लोकसभेत दिवसाला वीस तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न यादीत लागतात आणि अकरा ते बारा या तासात त्यांतले चार-सहाच पुकारले जातात. बाकीच्यांची उत्तरे छापील स्वरूपात सभापटलावर जातात. त्यामुळे क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, म्हणजे बॅलटमध्ये, चौथा क्रमांक लागणे म्हणजे मागच्या बाकावरच्या खासदाराला मिळालेली सोन्यासारखी संधी. मी ज्यांच्यासाठी प्रश्न तयार करतो, त्या ताई सत्ताधारी बाजूच्या, तिसऱ्या-चौथ्या रांगेतही नाहीत, त्याच्याही मागे. त्यांना तो क्रमांक लागला. त्या दिवशी जे घडले त्यावर अजून आमचे एकमत झालेले नाही.

विषय होता एका केंद्र पुरस्कृत शिष्यवृत्ती योजनेचा. मंत्रालयाचे नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही खात्यात घडू शकले असते.

प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. एका दिवसासाठी एका सदस्याच्या पाचच सूचना, त्यातही तारांकित एकच. मजकूर दीडशे शब्दांच्या आत. लोकसभेच्या नियमावलीतल्या नियम 41 प्रमाणे त्यात युक्तिवाद, टोमणा, आरोप, मत विचारणे यांतले काहीही चालत नाही. नवे सदस्य इथेच फसतात. सरकारला कोंडीत पकडायचे म्हणून प्रश्नातच भाषण लिहितात, मग सचिवालय कात्री लावते आणि उरतो तो पिळून काढलेला चोथा. मंत्र्याला सगळ्यात आवडणारा प्रश्न म्हणजे ‘सरकारने याबाबत कोणती पावले उचलली?’ त्याला चार पानांची पावले मिळतात.

आमच्या प्रश्नात पावले नव्हती. शिष्यवृत्तीचा पैसा टप्प्याटप्प्याने जातो: मंजुरी, केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा, मग विद्यार्थ्याच्या खात्यात जमा. उत्तरात नेहमी पहिल्या दोन टप्प्यांचे आकडे येतात, कारण ते मोठे आणि चांगले दिसतात. म्हणून आम्ही राज्यनिहाय, गेल्या तीन वर्षांचे, प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेचे आणि विद्यार्थ्यांच्या संख्येचे आकडे मागितले होते.

खरा डाव मात्र उपप्रश्नांत, म्हणजे उत्तरानंतर तिथल्या तिथे विचारायच्या पुढच्या प्रश्नांत, असतो. मूळ प्रश्नाला मंत्री उभे राहून एवढेच म्हणतात की विवरण सभापटलावर ठेवले आहे. मग प्रश्नकर्त्याला साधारणपणे दोन उपप्रश्न मिळतात, त्यानंतर अध्यक्ष इतरांना संधी देतात. समोरच्या बाजूला तयारी भरपूर असते. संभाव्य उपप्रश्नांची जाडजूड टाचणवही मंत्र्यांपुढे असते, अधिकाऱ्यांच्या दीर्घेत सहसचिव बसलेले असतात आणि तिथून चिठ्ठ्या येतात. चिठ्ठी येईपर्यंत मंत्री प्रस्तावना लांबवतात. ती कला काहींना फार उत्तम साधते.

आदल्या संध्याकाळी अपेक्षेप्रमाणे मंत्र्यांच्या कार्यालयातून फोन आला. ‘ताईंचे उपप्रश्न काय असतील ते कळले तर उत्तर नीट देता येईल.’ सत्ताधारी सदस्याला हा फोन येतोच. आपल्याच मंत्र्याची फजिती करू नये हा एक भाग. दुसरा भाग असा की उपप्रश्न आधी सांगितला नाही तर ‘माहिती घेऊन कळवतो’ याखेरीज काही मिळत नाही, हा अनुभव. ताईंनी मधला मार्ग काढला. पहिला उपप्रश्न सांगायचा, दुसरा राखून ठेवायचा. मला हे तेव्हाही पटले नव्हते. आकडा हवा असेल तर दुसराच आधी सांगायला हवा होता, पहिला आयत्या वेळी विचारला असता तरी चालले असते.

कारण दुसरा उपप्रश्न महत्त्वाचा होता. पैसे आधार क्रमांकाला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. विद्यार्थ्याने कॉलेजजवळ नवे खाते उघडले तरी आधारची जोडणी जुन्याच, कधी बंद पडलेल्या खात्याशी राहते. खाते निष्क्रिय असेल, केवायसी अडकलेले असेल, नावात एका अक्षराचा फरक असेल, तर व्यवहार परत येतो. कागदावर मात्र विद्यार्थी लाभार्थीच असतो. शिक्षणसंस्था फी मागते, विद्यार्थी बँकेत जातो, बँक समाजकल्याण कार्यालयाकडे बोट दाखवते आणि कार्यालय पोर्टलकडे. परत आलेल्या व्यवहारांची नोंद पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या, केंद्राच्याच प्रणालीत असते. म्हणजे ‘हा राज्यांचा विषय आहे’ ही पळवाट इथे बंद. प्रश्न एका वाक्याचा केला होता: किती व्यवहार परत आले आणि त्यांपैकी किती पुन्हा पाठवले गेले? उपप्रश्नात दोन आकडे मागणे ही कमाल मर्यादा, तिसरा मागितला की मंत्री सोपा तेवढा निवडतात.

खासदारांच्या सहाय्यकाला सभागृहात जागा नसते, मी संसद टीव्हीवर पाहत होतो. पहिल्या उपप्रश्नाला चोख उत्तर आले, वहीतले. दुसरा ताईंनी नीट, सावकाश वाचला. मंत्र्यांनी दीर्घेकडे पाहिले, चिठ्ठी आली, आणि ते म्हणाले, ‘अशी आकडेवारी विभागाकडे...’ तेवढ्यात आदल्या दिवशीच्या कुठल्याशा वक्तव्यावरून विरोधी बाकांवरून घोषणा सुरू झाल्या. त्या घोषणांचा शिष्यवृत्तीशी काडीचाही संबंध नव्हता. मंत्री बोलत राहिले, ओठ हलताना दिसत होते. अध्यक्षांनी पुढच्या सदस्याचे नाव पुकारले, ध्वनी तिकडे गेला.

ताई म्हणतात, मंत्री ‘उपलब्ध आहे, पटलावर ठेवू’ म्हणाले, त्यांनी स्वतः ऐकले. शेजारच्या बाकावरच्या सदस्यांना ‘उपलब्ध नाही’ ऐकू आले. कामकाजाच्या वृत्तांतात अर्धवट वाक्य आहे आणि पुढे कंसात ‘व्यवधान’.

हा कंस महाग पडतो. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात का हे पाहणारी शासकीय आश्वासनांची समिती 1953 पासून आहे आणि तिचे काम वृत्तांतावर चालते. ‘मी पाहतो’, ‘सदस्यांना कळवतो’, ‘राज्यांना लिहितो’, ‘माहिती गोळा केली जात आहे’ अशा वाक्यांची ठरलेली यादी आहे. त्यांतले एक छापले गेले की ते आश्वासन ठरते आणि मंत्रालयाला तीन महिन्यांत पुरे करावे लागते, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते. वाक्यच नसेल तर आश्वासनही नाही. सदस्याला वृत्तांताचा मसुदा तपासता येतो, पण नोंदीतली चूक दुरुस्त करण्यापुरता. न नोंदलेले मंत्र्याचे वाक्य त्यात घालता येत नाही.

मग नियम 55 खाली अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना दिली. उत्तरातून निघालेल्या, सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीवर ती मागता येते. तीन दिवस आधी सूचना, सोबत कारणे सांगणारी टीप. सोमवार, बुधवार, शुक्रवारी शेवटच्या अर्ध्या तासात ती होते आणि आणखी चार सदस्य एकेक प्रश्न विचारू शकतात. मतदान नाही. आयुध चांगले आहे, पण अधिवेशन ठरल्या दिवसाआधीच गुंडाळले गेले आणि सत्रसमाप्तीबरोबर प्रलंबित सूचना रद्द होतात.

सत्ताधारी बाजूने प्रश्न विचारून काही होत नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा यांच्या कंपन्यांत घातलेल्या सव्वा कोटीचे प्रकरण फिरोझ गांधींनी लावून धरले. ते काँग्रेसचेच, मंत्रीही काँग्रेसचेच. चौकशीसाठी चागला आयोग नेमला गेला आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. समाजवादी खासदार मधू लिमये उभे राहिले की मंत्र्यांना घाम फुटायचा तो आवाजामुळे नव्हे, नियमावली आणि कागद पाठ असल्यामुळे. आज घोषणा देणाऱ्यांना दूरदर्शनवर दोन सेकंद मिळतात, तेवढ्यासाठी शेजारच्याचा उपप्रश्न बुडतो. यात दोन्ही बाजू सारख्याच. सत्ता बदलली की घोषणा देणाऱ्यांचे बाक बदलतात.

पुढच्या अधिवेशनाच्या सूचनांवरून आता आमची जुंपली आहे. दिलेल्या उत्तराची पुनरावृत्ती होईल असा प्रश्न चालत नाही, म्हणून नव्या आर्थिक वर्षाचा आधार घेऊन तो बेतला आहे. ताईंना तारांकितच हवा. मंत्र्याला उभे करून विचारले पाहिजे, मतदारसंघात तेच दिसते, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे अतारांकितचे, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या प्रश्नाचे. दिवसाला 230 अतारांकित उत्तरे छापली जातात, त्यांवर कोणी ओरडू शकत नाही. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, तेव्हाही अतारांकितची उत्तरे येत होती. त्यात उपप्रश्न नाही हे मान्य. पण ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे लिहून आले तरी ते आश्वासन होते, तीन महिन्यांचे घड्याळ सुरू होते.

ताईंनी तारांकितसाठी या वेळी वसतिगृहांचा विषय निवडला. परत आलेल्या व्यवहारांचा प्रश्न उरलेल्या चार अतारांकितांत दुसरा आहे, (क) ते (घ), एकशे बारा शब्दांचा. (ग) मध्ये बँकनिहाय आकडे मागितले आहेत. ताईंच्या मते ते सचिवालयात कापले जातील.