ठिपका रस्ता सोडून चाललाय

मी ऑडिओ टूर तपासते. हे काम काय असतं ते सांगायला दर वेळी दोन मिनिटं जास्त लागतात. तुम्ही एखाद्या राष्ट्रीय उद्यानात आपली गाडी घेऊन शिरता, फोनवर ॲप चालू करता आणि गाडी पुढे सरकेल तसा एक आवाज बोलत राहतो: डावीकडे बघा, पुढच्या वळणाआधी थांबा, हे विवर अमुक साली झालं. गाईड नको, बस नको, "चला चला, उशीर होतोय" म्हणणारं कुणी नको. तो आवाज योग्य जागी तोंड उघडतो का, हे बघायला आधी कुणीतरी त्या रस्त्यावर गाडी घालावी लागते. ते कुणीतरी म्हणजे मी.

प्रत्येक थांब्याभोवती नकाशावर एक वर्तुळ आखलेलं असतं. गाडी वर्तुळात शिरली की क्लिप सुरू होते. वर्तुळ फार अलीकडे असलं तर माणूस ऐकून विसरतो, आणि फार पलीकडे असलं तर "इथे थांबा" ऐकेपर्यंत थांबायची जागा मागे पडलेली असते. अवघड वळणावर आवाज गप्प हवा. सगळा खेळ पन्नास-शंभर मीटरचा, आणि तो टेबलावर बसून कळत नाही. हे मी ऑफिसात शंभर वेळा सांगितलं आहे.

२०२५ मध्ये हवाई व्होल्कॅनोज नॅशनल पार्कची टूर माझ्याकडे आली. आवाज २०१७ मध्ये रेकॉर्ड केलेला, आणि २०१८ मध्ये तिथला अर्धा भूगोल बदलला. त्या वर्षी मे महिन्यात किलाउएआ ज्वालामुखीच्या पूर्वेकडच्या खालच्या अंगाला जमीन फाटली, लाव्हा वस्तीत शिरला आणि सातशेहून जास्त घरं गेली. खाली लाव्हा वाहून गेल्यावर वर शिखराशी पोकळी झाली आणि हलेमाउमाउ विवराचा तळ टप्प्याटप्प्यानं खचत सुमारे पाचशे मीटर खोल गेला. पार्कचा बहुतेक भाग चार महिन्यांहून जास्त बंद होता. तेव्हा आमच्या लोकांनी काही क्लिपा काढल्या, काही नव्या घातल्या, नकाशाचा मार्ग नव्यानं आखला आणि ऑफिसात सिम्युलेटरवर टूर चालवून पाहिली. शंभर टक्के पास.

माझ्याबरोबर येणारा सहकारी आदल्या दिवशी तापानं आडवा झाला. गाडी चालवता चालवता नोंदी करता येत नाहीत, दुसरं माणूस लागतंच. बाबा तेव्हा माझ्याकडे आलेले होते आणि हवाईला तसेही बरोबर होते. मी काम उरकेपर्यंत ते हॉटेलात बसून राहणार होते. "त्यापेक्षा मला घेऊन चल," म्हणाले. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. नोंदी म्हटल्यावर त्यांनी बॅगेतून एक लांबट वही काढली आणि पहिल्या पानावर समास आखला. या वहीला ते अजूनही एमबी म्हणतात. मोजमाप पुस्तक.

प्रवेशद्वारावर गाडीचे ३० डॉलर. सात दिवस चालतात, हे ऐकून बाबांना बरं वाटलं.

पहिला घोटाळा सुरुवातीलाच निघाला. आवाज म्हणाला, "समोर म्युझियम आहे, आत भूकंपमापक बघायला विसरू नका." समोर म्युझियम नव्हतं. २०१८ च्या हादऱ्यांनी ती इमारत खिळखिळी झाली, कायमची बंद झाली आणि पुढे पाडलीही. काढायच्या क्लिपांमधली ही एक राहून गेली होती. मी "क्लिप बाद" एवढंच म्हटलं. बाबांनी लिहिलं, "इमारत जागेवर आढळून आली नाही."

कठड्याशी उभं राहिलं की विवर पायाखाली पसरलेलं. २३ डिसेंबर २०२४ पासून इथे लाव्ह्याची कारंजी उडत होती, पण थांबून थांबून: काही तास किंवा दिवसभर उडायची, मग काही दिवस, कधी काही आठवडे शांत. आम्ही गेलो तो दिवस शांततेचा. नुसता धूर आणि गंधकाचा वास. हे ज्वालामुखीची देवी पेले हिचं ठाणं, असं इथले मूळ रहिवासी मानतात. बाबांनी चपला काढल्या नाहीत, पण काढाव्यात का असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला. त्यांना जास्त रस होता तो वेगळ्याच गोष्टीत. पूर्वी विवराला पूर्ण वळसा घालणारा रस्ता होता. २०१८ मध्ये त्याचा काही भाग आणि हलेमाउमाउजवळची गाड्या लावायची जागा अशी सगळीच खाली गेली.

"डांबरासकट?"

"डांबरासकट."

"मग हिशेबातून कशी वजा केली असेल?" हा प्रश्न मला कधीच सुचला नसता.

तिथून पुढे खरं काम. शिखराकडून समुद्राकडे उतरणारा तीसेक किलोमीटरचा रस्ता, चेन ऑफ क्रेटर्स रोड. सुमारे ११०० मीटर उतार, शेवटी समुद्र, आणि वाटेत पेट्रोल, पाणी, खाणं काहीही मिळत नाही. फोनचा सिग्नलही नाही, म्हणून टूर आधी उतरवून घ्यावी लागते. नाव ऐकून बाबा खूश. "विवरांची साखळी! आणि आम्ही रस्त्याला साखळी क्रमांक घालतो." सुरुवातीपासून अमुक अंतरावर पूल, तमुक अंतरावर मोरी, हे त्यांच्या खात्यात साखळी क्रमांकानं लिहितात. तेव्हापासून प्रत्येक नोंद "सा.क्र." अशी सुरू झाली. मैल मी सांगायचे, ते मनातल्या मनात किलोमीटर करून लिहायचे.

पहिले साडेतीन मैल आवाज उत्तम चालला. विवरं एकामागून एक, प्रत्येक ठिकाणी वेळेवर. एका जागी नेनेची जोडी रस्ता ओलांडत होती. नेने म्हणजे हवाईचा राज्यपक्षी, हंसाच्या कुळातला. दोघं काठी टेकत चालल्यासारखे निघाले होते. आम्ही थांबून राहिलो आणि तेवढ्यात पुढची क्लिप संपून गेली. हा दोष कुणाच्या माथी मारायचा?

मग मौना उलूचा फाटा आला. १९६९ च्या मे महिन्यात इथे जमीन फाटली आणि उद्रेक १९७४ पर्यंत चालला. तेवढ्यात एक नवा डोंगर उभा राहिला आणि आलोई, आलाए ही दोन विवरं भरून नाहीशी झाली. फाट्यावर आत वळलं की थोडा रस्ता आहे आणि मग लाव्हा. रस्ता संपत नाही, लाव्हा त्याच्यावर येऊन बसलाय. बाबा उतरले आणि थेट त्या कडेशी जाऊन उकिडवे बसले.

मीही पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. वरची कातडी काळी, पण उन्हात चंदेरी झाक मारणारी. दुधावरची साय बोटानं ढकलावी तशा सुरकुत्या, एकीत एक अडकून गोठलेल्या. या जातीला पाहोएहोए म्हणतात. शब्द हवाईचा, पण जगभरचे भूशास्त्रज्ञ तोच वापरतात, आपल्या दख्खनच्या कातळाबद्दल लिहितानाही. कडेला पोपडा फुटला होता. आत जाळीदार, भोकाभोकांचा दगड, त्यात हिरवट काचेसारखे बारीक कण. फटीतून नेच्याचा एक कोंब वर आलेला. आणि त्या पोपड्याखाली डांबर. ते वितळून वाहून गेलेलं नव्हतं, जागच्या जागी दबलेलं होतं. बाबांनी बोटं लावून थर मोजला. दगडाला मात्र हात लावला नाही. तुकडा नेण्याचा तर प्रश्नच नव्हता. इथून नेलेले दगड लोक पुढे पश्चात्ताप होऊन टपालानं परत पाठवतात, हे त्यांनी सकाळीच वाचलं होतं.

"सोलिंग चांगलं होतं," एवढंच म्हणाले. सोलिंग म्हणजे रस्त्याच्या तळाचा दगडांचा थर.

परत मुख्य रस्त्याला लागलो आणि आवाज गेला.

एक थांबा गेला, दुसरा गेला. एव्हाना तीन क्लिपा व्हायला हव्या होत्या. मी फोन चालू-बंद केला, ॲप पुन्हा उघडलं, जीपीएस तपासलं. सगळं ठीक. केआलाकोमोला पोचलो. इथून समुद्राचा आणि काळ्या लाव्ह्याच्या पट्ट्यांचा जो देखावा दिसतो, त्याच्यावर आमच्या लेखकानं जीव ओतून दीड मिनिटाची क्लिप लिहिली होती. वारा सोडून काही ऐकू येईना. मी गाडीत बसून लॉग, म्हणजे ॲपनं आपोआप ठेवलेल्या नोंदी, चाळत होते. मला वाटलं ऑडिओ फाइल खराब आहे, मग वाटलं फोन गरम झालाय. तासभर त्यात घालवला. चिडले होते. बाबांना उगाचच म्हणाले, "तुम्ही फोन उन्हात ठेवला होतात."

त्यांनी उत्तर दिलं नाही. फोन हातात घेऊन नकाशावरचा आमच्या गाडीचा ठिपका बघत राहिले. पुढे निघालो, उतार सुरू झाला, वळणं आली, आणि मग म्हणाले, "अगं, तुझा ठिपका रस्ता सोडून चाललाय."

"जीपीएसचं मागेपुढे होतंच बाबा."

"मागेपुढे नाही. आपण डावीकडे वळलो तेव्हा हा सरळ गेला. आणि ज्या रेघेवरून चाललाय ती रेघ नीट आखलेली आहे, वळणांसकट. ही रेघ रस्त्याचीच आहे, पण हा रस्ता ती नाही. ही जुनी आखणी आहे."

मी गाडी बाजूला घेतली.

झालं होतं असं. १९६५ मध्ये हा रस्ता समुद्रापर्यंत पोचला. मौना उलूनं त्याचे कित्येक मैल गाडले आणि मग नवा रस्ता वेगळ्या आखणीनं काढला. आमच्याकडे ज्यानं मार्ग नव्यानं आखला, त्यानं कुठल्यातरी जुन्या नकाशाचा थर खाली ठेवून त्याच्यावर रेघ ओढली. मौना उलूच्या फाट्यापर्यंत जुना आणि नवा एकच, म्हणून तिथवर सगळं बरोबर. त्यानंतर आमची वर्तुळं लाव्ह्याखालच्या रस्त्यावर बसली होती. ॲपमध्ये आणखी एक गंमत: ठिपका थोडा हलला तर त्याला मार्गावर ओढून घ्यायचं, अशी सोय असते. किती लांबून ओढायचं याला मर्यादाच घातलेली नव्हती. त्यामुळे आम्ही नव्या रस्त्यावर आणि ठिपका पन्नास वर्षांपूर्वी गाडलेल्या रस्त्यावरून मजेत समुद्राकडे. सिम्युलेटर तरी काय करणार? त्याची गाडी त्याच रेघेवरून धावत होती. पास होणारच.

आणि मग आलानुई काहिको. हवाईच्या भाषेत अर्थ "जुना रस्ता". इथे लाव्ह्यातून जुन्या डांबराचे तुकडे डोकं वर काढून आहेत. नव्या रस्त्यावरून सहज दिसतात. म्हणजे इथे दोन्ही आखण्या जवळ येतात. आम्ही तिथे पोचलो आणि दहा मैलांच्या मौनानंतर स्पीकरमधून आवाज खणखणीत बोलला, "आता खाली बघा. हा तोच रस्ता, जो तुम्हाला समुद्राकडे घेऊन गेला असता." अख्ख्या उतारावर एवढी एकच क्लिप जागेवर वाजली.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, पण मला मनातून सकाळचं ते उन्हाचं वाक्य टोचत होतं. "बाबा, मघाशी मी..." म्हटलं. "लिहू दे," म्हणाले.

पुढे आवाज पुन्हा गप्प झाला. तो नव्हता म्हणून पुऊलोआला आम्ही आमच्या पायांनी आणि डोळ्यांनी गेलो. लाव्ह्याच्या सपाट कातळावर कोरलेल्या २३ हजारांहून जास्त खुणा आहेत, माणसं, वर्तुळं, आणि पुष्कळसे नुसते वाटीसारखे खळगे. नवजात बाळाची नाळ त्या खळग्यात ठेवत, आयुष्य लांबावं म्हणून. मी फलक वाचून सांगत होते, बाबा लाकडी मार्गाच्या कठड्याला धरून एकेक खळगा बघत होते. बराच वेळ बघत होते. आमच्या क्लिपेत हे सगळं चाळीस सेकंदांत उरकलेलं आहे. नंतर मी ती लांबवायला सांगितली.

समुद्राशी रस्ता संपतो. २७ मीटर उंच होलेईची कमान बघितली आणि गाडी वळवली. चढताना आणखी एक चूक सापडली. आलानुई काहिकोची तीच क्लिप उलट दिशेलाही वाजली आणि समुद्र पाठीमागे असताना आवाज म्हणाला, "आता खाली बघा." बाबांनी मागे वळून बघितलं आणि लिहिलं.

रात्री हॉटेलात तक्रार नोंदवायला बसले. ठिपका नेमका कुठून सुटला, कुठे परत आला, हे माझ्या लॉगमध्ये धड नव्हतं. मी तासभर चुकीच्या जागी खणत बसले होते. बाबांच्या वहीत सगळं होतं. साखळी क्रमांक, वळणाची दिशा, शेजारी हातानं काढलेला नकाशा, जुनी आखणी तुटक रेघेनं आणि नवी सलग. मी पानाचा फोटो काढला आणि तसाच जोडून दिला.

सकाळी डेव्हलपरचा निरोप आला होता. नकाशावरून चूक सापडली, आकडे कुठल्या लिपीत आहेत ते कळलं नाही, तेवढे परत पाठव. आणि खाली उजव्या कोपऱ्यात कुणी सही केली आहे, हे नवीन रिव्ह्यूअर कोण?