साडेसहाची शाळा आणि मारवा

मुंबईतल्या एका रात्रशाळेत मी दहावीला मराठी शिकवते. साडेसहाला पहिली घंटा, साडेनऊला शेवटची. इमारत दिवसाच्या शाळेची, बाकंही त्यांच्याच मापाची. त्यात गुडघे दुमडून बसणारे माझे विद्यार्थी सतरा ते एकेचाळीस वर्षांचे. कुणी कुरिअरची पाकिटं वाटून आलेला, कुणी वॉचमनची दिवसपाळी उतरवून, कुणी चहाच्या टपरीवरचे ग्लास विसळून. बायका बहुतेक घरकामाच्या.

जुलैमध्ये मी त्यांना 'संध्याकाळ' या विषयावर लिहायला दिलं. बावीस वह्या आल्या. त्यातल्या एकोणीस वह्यांमध्ये सूर्य अस्ताला जात होता आणि पक्षी आपापल्या घरट्यांकडे परतत होते. गाईडातलं वाक्य, जसंच्या तसं. रागवायचं कुणावर? पण वाचताना घशाशी काहीतरी आलं. या वर्गातलं एकही माणूस संध्याकाळी घरी परतत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी मोबाइल आणि छोटा स्पीकर घेऊन गेले. एक भावगीत लावलं आणि ते ऐकून लिहा म्हटलं. तो प्रयोग फसला. गाण्यातलेच शब्द वहीत उतरले, गाईडाची जागा गीतकाराने घेतली एवढंच. शब्दांना शब्दच चिकटतात, हे मला आधी सुचायला हवं होतं.

म्हणून पुढच्या शुक्रवारी सारंगी लावली. राग मारवा. लहानपणी मी गाण्याच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या होत्या, त्यामुळे हा सूर्यास्ताचा राग एवढं पक्कं ठाऊक होतं. जुलैत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, म्हणजे आमचा पहिला तास संपता संपता. सगळ्यांना सांगितलं, पहिली पाच मिनिटं पेन खाली. नंतर दहा मिनिटं हात थांबवायचा नाही. शुद्धलेखन आज बघणार नाही. रागाचं नाव मुद्दाम सांगितलं नाही. नाव कळलं की लोक नावावर लिहितात.

दोन-तीन मिनिटं गेली असतील. टपरीवरचा मुलगा म्हणाला, "बाई, गाणं कधी सुरू होणार?"

हेच गाणं, गायक नाहीये, असं सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून थोडं पुढेही बोलले. सारंगी पिढ्यान्‌पिढ्या गायकाच्या मागे बसून साथ करत आली. पंडित रामनारायण 1949 साली मुंबईत आले, सिनेमाच्या गाण्यांत वाजवत राहिले आणि पुढे साथ सोडून एकट्याने मैफली करू लागले, तेव्हा कुठे लोकांनी ती एकटी ऐकायला सुरुवात केली. बोटाच्या टोकाने नाही, नखाच्या मुळाशी तार दाबून वाजवतात, हे सांगितल्यावर सगळे आपापली नखं बघायला लागले. पहिल्या बाकावरच्या ताईंच्या नखांत वाळलेली कणीक होती. त्यांनी हात पदराखाली घेतला.

याच ताईंबद्दल मला सांगायचंय. तीन घरी पोळ्या करून त्या शाळेत येतात. एरवी त्यांची वही म्हणजे गाईडाची सुवाच्य नक्कल. त्या दिवशी त्यांनी पाऊण पान लिहिलं, ते त्यांच्या परवानगीने देते:

"सहाला तिसऱ्या घराच्या पोळ्या संपतात. शेवटची पोळी नेहमी जास्त भाजते कारण माझं लक्ष घड्याळाकडे असतं. पाचवा मजला आहे. जिन्यात तिसऱ्या मजल्यावर खिडकी आहे, तिथं मी थांबते. वरचं घर झालेलं असतं. शाळेला वेळ असतो. माझं घर रात्री दहाला. त्या खिडकीत मी कुणाचीच नसते."

मी वाचून दाखवलं. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मग ताईंनीच विचारलं, "बाई, तो वाजवणारा घरी का जात नाही? जवळ येतो आणि परत लांब जातो."

संगीताचा एक धडाही न शिकलेल्या बाईने मारव्याचं मर्म असं सहज धरलं. रागांचं घर म्हणजे सा. मारव्यात त्या सा वर टेकणंच टाळतात. तंबोऱ्यात सा वाजत असतो, पण वाजवणारा कोमल रिषभावर नाहीतर धैवतावर रेंगाळतो. पंचम तर या रागाला नाहीच. खूप वेळाने सा येतो तेव्हा ऐकणाऱ्याचा श्वास सुटतो. मी ते बसक्या आवाजात गाऊन दाखवलं. पुढे जाऊन हेही सांगितलं, की पुरिया आणि सोहनी या रागांत अगदी हेच सहा सूर असतात. पुरिया गंधार-निषादावर थांबतो आणि खाली खाली वावरतो, सोहनी वरच्या सप्तकात राहते. सूर तेच, पण ऐकणाऱ्याला मारवा वेगळा, पुरिया वेगळा आणि सोहनी वेगळी.

वॉचमन दादा लगेच म्हणाले, "म्हणजे स्टेशनं तीच. स्लो कुठं थांबते, फास्ट कुठं थांबते, त्याचा फरक."

इतकी वर्षं मी निबंध शिकवतेय: प्रस्तावना, मध्य, शेवट. कुठे थांबायचं हे कधी शिकवलंच नव्हतं. त्या शुक्रवारी फळ्यावर तेवढंच लिहिलं आणि सगळ्यांना घरचा अभ्यास दिला. आज लिहिलेलंच पुन्हा लिहा, त्यात नवीन काही घालू नका, फक्त थांबा बदला. काहींना जमलं, काहींना नाही. टपरीवरच्या मुलाने तीनच ओळी आणल्या, पण तिन्ही उकळी फुटायच्या आधीच्या चहाबद्दल. त्याच्या पातेल्यात दूध कडेने थरथरायला लागतं ते मला दिसलं.

सोमवारी ताईंनी सव्वा पान आणलं. या वेळी खिडकी एका ओळीत संपली होती. बाकी सगळी ती शेवटची जास्त भाजलेली पोळी. ती त्या घरच्यांना वाढत नाहीत, कागदात गुंडाळून पिशवीत टाकतात. गाडीत बसायला मिळालं तर खातात, नाही मिळालं तर ती पोळी त्यांच्याबरोबर रात्री दहापर्यंत फिरते. पहिल्या खेपेला 'घर' हा शब्द तीनदा होता. आता तो सव्वा पानात कुठेच दिसेना. 'वरच्यांकडे', 'तिसरीकडे' असं लिहिलेलं. पार शेवटच्या ओळीत तो एकदा आला, पोळी मुलाच्या ताटात पडली तेव्हा.

वही माझ्या हातात होती आणि त्या टेबलाशी उभ्या होत्या.

"बाई, सा एवढा उशिरा आणला तर बोर्डात चालेल ना?"

लाल पेनचं टोपण मी अजून काढलं नव्हतं. ते तसंच टेबलावर ठेवलं आणि त्यांना म्हटलं, बसा, हे तुम्हीच वर्गाला वाचून दाखवा.