सब्जी मागितली, गाजर आलं

पंजकेंतच्या खानावळीत मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालो, "सब्जी." मटण चालत नाही हे खुणा करून सांगून झालं होतं. बाई हसत आत गेल्या अन् बशीभर चिरलेलं गाजर घेऊन आल्या. ताजिकीत सब्जी म्हणजे गाजर. खाल्लं गुमान.

ताजिकिस्तानचं ठरलं तेव्हा अंबाजोगाईला घरी आईचा पहिला प्रश्न, "पाकिस्तानजवळ हाय का रे ते?" मधे अफगाणिस्तानची चिंचोळी वाखान पट्टी तेवढी आहे, पण मी "लई लांब आहे" म्हणालो. लांब आहेच की. ताश्कंद, मग समरकंद, तिथून सीमा ओलांडून पंजकेंत. पुढं जीपनं आर्तुच, अन् मग फान डोंगर सुरू.

पाठीवरच्या सॅकमध्ये धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि चार लिटर पाणी. पाण्यावरून तिथं माझं हसू झालं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस पाहिलेला माणूस मी; भरलेली बाटली सोडवत नाही. गाढववाल्यानं माझी सॅक उचलून पाहिली, बाटल्या बाहेर काढल्या अन् शेजारून खळाळत जाणाऱ्या ओढ्याकडं बोट केलं. "ओब!" आब म्हणजे पाणी एवढं मला कळलं. दोन बाटल्या ओतल्या. ओतताना हात अडला, खरं सांगतो.

थोरल्या भावाला तिकडं 'अका' म्हणतात. एवढ्या मिशाळ माणसाला अक्का म्हणून हाक मारतोय असं मला दोन दिवस वाटत होतं. त्याच्या गाढवाला ते 'खर' म्हणतात, आपल्या संस्कृतातला खरच. बाजारात तर्बुझ होतं, खर्बुझा होता, दुकोन होतं. निजामाच्या मुलखातल्या माणसाला निम्मा बाजार ओळखीचा. फक्त पाट्या रशियन लिपीत, म्हणजे ऐकलं तर कळतं, वाचलं तर काहीच नाही.

कुलिकालोनच्या तळ्यांपाशी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी अलाउद्दीन खिंड, 3,860 मीटर. अलाउद्दीन म्हटलं की आम्हाला देवगिरी आठवते, त्यामुळं नाव ऐकूनच जरा धास्ती. कळसूबाई 1,646 मीटर. तिच्या दुपटीहून उंच, अन् वर नुसता घसारा. एक पाऊल पुढं, अर्धं मागं. वीस पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा वीस. छातीत भाता. अका मात्र गाढवामागून गाणं म्हणत चाललेला.

खिंडीतून पलीकडं अलाउद्दीनचं तळं दिसलं, नीळ कालवल्यासारखं. पण मी आधी खाली बसलो. डबा उघडला. चार दिवसांचं धपाटं चिवट झालं होतं. अकाला दिलं, वर चटणी ठेवली.

"नोन?" त्यानं विचारलं.

"धपाटं."

त्यानं मोठा घास घेतला. चावता चावता थांबला. डोळ्यांत पाणी आलं अन् हात पुढं आला, "ओब, ओब!"

उरलेल्या दोन बाटल्यांतली एक मी पुढं केली. खिंडीत ओढा नव्हता.