पाळकसाहेबांची प्रार्थनेची वही

नाशिकला शरणपूर रोडच्या परिसरात मी संगणक दुरुस्तीचे आणि बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून मजकूर परत काढून देण्याचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी एक निवृत्त शिक्षिका आपल्या दिवंगत वडिलांचा जुना सीपीयू रिक्षातून घेऊन आल्या. वडील निफाडकडच्या खेड्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते आणि त्यांचे आयुष्यभराचे उपदेश त्या यंत्रात अडकले होते. "भाऊ, बाबांचं जेवढं निघेल तेवढं सगळं काढा. आम्हा भावंडांना ते इंटरनेटवर ठेवायचंय," असे त्या म्हणाल्या.

डिस्कमधून टकटक आवाज येत होता. अशा डिस्कवर थेट काम करायचे नसते; आधी तिची सेक्टरनिहाय, म्हणजे एकेक बारीक कप्पा घेऊन, हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची आणि मग त्या प्रतीवरच शोध घ्यायचा. फाइली मिळाल्या, परंतु त्या युनिकोड, म्हणजे अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत, रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असल्यामुळे फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता अर्थहीन रोमन मजकूर दिसतो. कन्व्हर्टरने पुष्कळसे सुटते. पण जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे असते. त्यामुळे जोडाक्षरांपाशी घोटाळे होतात आणि ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते.

तशी ती घालत असताना दुपारी एक फाइल समोर आली. ती उपदेशाची नव्हती. गावाचे नाव, माणसाचे नाव, तारीख आणि त्यापुढे एका वाक्यात त्याचे दुःख, अशा त्या नोंदी होत्या. कोणी दारू सुटत नाही म्हणून रडले होते, कोणी सोसायटीचे पैसे खाल्ल्याचे कबूल केले होते, एका सुनेने घरात चाललेली मारहाण सांगितली होती. काही ओळींच्या शेवटी फक्त "आभार" असे लिहिलेले होते. पाळकसाहेब रोज ज्यांच्यासाठी प्रार्थना करीत, त्यांची ती वही होती. पहिल्या पानानंतर मी वाचणे थांबवले.

माझ्या प्रोग्रॅमने त्या फाइलीपुढे ती पुसलेली असल्याची खूण केली होती. म्हणजे पाळकसाहेबांनी ती स्वतःच काढून टाकली होती. संगणकात फाइल पुसली की बहुधा केवळ यादीतली तिची नोंद जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर डिस्कवर तसाच राहतो, आणि आमचा धंदा त्यावरच चालतो. बायबलमध्ये मीखा संदेष्टा म्हणतो की देव आपली सर्व पापे समुद्राच्या डोहात टाकील. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात देव लोकांचे पाप यापुढे स्मरणार नाही असे वचन देतो. या वचनांवर मी लहानपणापासून विसंबून आहे. त्या माणसांनीही त्यांच्यावरच विसंबून पाळकसाहेबांपाशी तोंड उघडले असेल, आणि देवाने जे विसरायचे ठरवले ते मी यंत्राकडून वदवून घेत होतो. मजकूर परत मिळाला याचा आनंद न होण्याची माझी ती पहिलीच वेळ.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा मी सारे सांगितले. त्या इतिहास शिकवत असत. "नाशिकच्या मिशनमध्ये शिकलेल्या जेकब वेनराइटनं १८७३–७४ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी प्रवासी लिव्हिंगस्टनचा देह तिथल्या किनाऱ्यापर्यंत नेताना रोजनिशी लिहिली. ती टिकली म्हणून आज त्या माणसाचा शब्द आपल्याला वाचता येतो. साध्या माणसांचं लिहिलेलं जपायला नको का?" त्यांचा मुद्दा खरा होता आणि अजूनही मला तो खराच वाटतो, कारण आपल्या मंडळ्यांचा इतिहास जपण्यात आपण फार हयगय केली आहे. मी एवढेच म्हणालो, "ताई, वेनराइटनं आपला प्रवास लिहिला. ही दुसऱ्यांची गुपितं आहेत आणि त्यांतली माणसं अजून त्याच गावांत राहत असतील. गाव आणि आडनाव टाकून शोधलं तर कोणालाही सापडतील. पण वस्तू तुमची आहे, निर्णय तुमचाच." त्यांनी उभ्या उभ्या काही ओळी वाचल्या आणि पडद्यावरून नजर काढली. "यातल्या दोघी माझ्या विद्यार्थिनी," एवढेच म्हणाल्या. मग धाकट्या भावाला फोन लावून त्या बाहेर पायरीवर बराच वेळ बोलत होत्या.

उपदेश पेनड्राइव्हवर गेले. वही कोठेही गेली नाही. माझ्याकडची प्रत मी पुसून तिच्यावर शून्ये लिहिली. मूळ डिस्कच्या खराब झालेल्या सेक्टरांवर काही लिहिता येत नाही, म्हणून बाईंच्या देखत ती उघडून आतल्या चकत्या फोडल्या.

त्यानंतर आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात येणाऱ्या प्रार्थना विनंत्या मला वेगळ्या दिसू लागल्या. आजाऱ्याचे नाव, वॉर्ड, आजार, घरातले भांडण असे सारे प्रेमापोटीच लिहिलेले असते, आणि ते प्रत्येकाच्या फोनमध्ये व बॅकअपमध्ये साठून राहते. मी हा विषय काढला तेव्हा एका वडीलधाऱ्या भगिनीने विचारले, "नाव घेतल्याशिवाय प्रार्थना कशी करायची?" तिची तळमळ मला समजते. तरीही मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दार लावून घेऊन प्रार्थना करायला सांगतो आणि आपण मागण्याआधीच पित्याला आपली गरज ठाऊक असते असेही सांगतो. थोडी चर्चा झाली, सगळ्यांना पटले नाही. आता विनंती टाकण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यायची आणि नाजूक गोष्ट असेल तर पाळकांना समक्ष भेटूनच सांगायची, एवढे मात्र ठरले आहे.