बोटीवर सुटे, बंदरात एकत्र: मित्रमंडळींची पूर्व कॅरिबियन क्रूज

अमेरिकेत चार दिशांना पांगलेली आमची कॉलेजची टोळी आणि पुण्याहून आलेलं एक जोडपं, असे आम्ही फेब्रुवारीत फोर्ट लॉडरडेलहून आठवडाभराच्या क्रूजवर निघालो. पोर्तो रिकोतलं सान हुआन, सेंट थॉमस आणि सिंट मार्टेन ही बंदरं, बाकीचे दिवस समुद्रात. निघण्याआधी मिळालेले बहुतेक सल्ले बोटीबद्दलच होते: कुठली मोठी, कुठल्या बुफेत काय मिळतं. मला सर्वांत आवडलं ते हे, की बोटीवर कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. एकाला पहाटे डेकवर चालायचं असतं, दुसरीला अकरापर्यंत झोपायचं असतं, आणि दोघांचंही सुरळीत चालतं. तो मोकळेपणा पुरेपूर वापरा. मग बंदरावर सगळे उत्साहाने एकत्र उतरतात.

आधी व्हिसाचं, कारण त्यावरच सगळं अडतं. क्रूज अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतते, पण मधे तुम्ही देशाबाहेर जाता. त्यामुळे भारतातून येणाऱ्यांकडे मल्टिपल एंट्री व्हिसा हवाच. एच-वन-बी म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावाल्यांनी पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला नाही ना, हे बुकिंगच्या आधी पाहावं. मंजुरीच्या कागदावर काम भागत नाही. प्रत्येक बेटाचा नियम निराळा असतो. तेव्हा आपल्या पासपोर्टला काय लागेल ते क्रूज कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पैशांचं आम्ही सरळ टीटीएमएम ठेवलं. ज्याची केबिन त्याचं बुकिंग, बंदरावरचा टॅक्सी-जेवणाचा खर्च तेवढा स्प्लिटवाइज या हिशेब वाटून देणाऱ्या अ‍ॅपवर. दारूचं पॅकेज घेताना नीट वाचा: अनेक कंपन्यांत एका केबिनमधल्या एकाने घेतलं तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. टिप माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर धरा, ती बिलात आपोआप लागते. सगळ्यांचे बुकिंग नंबर एकमेकांना जोडून द्यायला सांगा, म्हणजे रात्रीच्या जेवणाला एक टेबल मिळतं. दिवसभर सुटे असलेल्या मंडळींना ते एक टेबल फार मोलाचं वाटतं.

ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची केबिन घ्यावी; तिथे हेलकावे कमी जाणवतात. हिवाळ्यात अटलांटिकच्या बाजूला लाटा असतातच. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, आणि कुठली ते आपल्या डॉक्टरांना विचारून. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालांकडे जातात आणि केबिनच्या दाराशी पोचायला संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट आणि पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत असू द्या. फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, बोटीवरच्या मोबाइल नेटवर्कचं बिल भयंकर येतं.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. आमच्या टेबलाचा वेटर मडगावचा निघाला. आमच्यातला सावंतवाडीचा मित्र त्याच्याशी मालवणीत बोलायला लागला आणि टेबलाचा नूरच पालटला. घर सोडून महिनोन्‌महिने बोटीवर राबणारी गोव्याची माणसं जगभरच्या क्रूजवर भेटतात. त्यांची आवर्जून विचारपूस करा. त्यानेच सांगितलं की मुख्य वेटरला आदल्या रात्री सांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी डाळ, भाजी, भात हजर होतो. बंदरावर मात्र विचारूनच खा. पोर्तो रिकोत राजम्यासारख्या बीन्समध्येही डुकराचं मांस असू शकतं. कच्च्या केळ्यांचे तळलेले तोस्तोनेस निवांत खावेत.

सान हुआनला वेळ कमी पडला याची हळहळ अजून आहे. वेळापत्रकात बंदराच्या नावाइतकेच तिथले तास पाहा. काही बोटी तिथे संध्याकाळी लागतात आणि तोवर एल मोरो किल्ला बंद होतो. आमची दुपारी लागली. जुन्या शहराच्या धक्क्यावरून निळसर दगडी फरसबंदीच्या गल्ल्यांतून चढत किल्ल्यापर्यंत पायी जाता येतं. पावसाची सर येऊन गेली की ते दगड निसरडे होतात, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. बांधकाम 1539मध्ये सुरू झालेला हा स्पॅनिश किल्ला समुद्रात घुसलेल्या टोकावर आहे. विजयदुर्ग पाहिलेल्याला इथे बुरुजावर उभं राहिल्यावर ओळखीचं वाटेल. 1595मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकचा हल्ला इथल्या तोफांनी परतवला. 1625मध्ये डचांनी शहर जाळलं, पण किल्ला पडला नाही. किल्ल्यासमोरच्या अफाट हिरवळीवर लोक पतंग उडवत होते. आम्हीही एक विकत घेतला आणि अंधार पडेपर्यंत तिथेच राहिलो. सगळ्या सहलीतली ही संध्याकाळ मला सर्वांत प्रिय आहे.

सेंट थॉमस अमेरिकेचं, पण गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि स्टिअरिंगही डावीकडेच! रस्ता ओलांडताना जपून. हे बेट डेन्मार्ककडून अमेरिकेने 1917मध्ये घेतलं, शेजारच्या बेटांसह अडीच कोटी डॉलरना, म्हणून गल्ल्यांना अजून डॅनिश नावं आहेत. बाकांच्या उघड्या टॅक्सीने डोंगर ओलांडून मॅजन्स बे या किनाऱ्यावर जा. भाडं माणशी असतं, बसण्याआधी विचारा. पाणी संथ आहे, पोहायला न येणाऱ्यांनाही मनसोक्त डुंबता येतं. प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर इथे कायद्याने बंदी आहे, तेव्हा खनिजयुक्त सनस्क्रीन सोबत न्या. वेळ उरला तर गावातलं 1833चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ पाहा, आत जमिनीवर वाळू पसरलेली आहे.

सिंट मार्टेन हे 1648पासून डच आणि फ्रेंचांनी वाटून घेतलेलं बेट. डच बाजूच्या फिलिप्सबर्ग गावातल्या फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांची आणि घड्याळांची कितीतरी दुकानं सिंधी मंडळींची आहेत. भाव करायला हिंदी चालते. डोक्यावरून विमानं उतरतात तो माहो बीच बेटाच्या दुसऱ्या टोकाला. विमान उतरताना पाहणं थरारक आहेच, पण उडताना कुंपणाजवळ उभं राहू नका. 2017मध्ये इंजिनाच्या झोताने एका पर्यटक महिलेचा जीव गेला. परतीच्या रस्त्यावर सिम्पसन बेचा पूल बोटींसाठी उघडतो आणि वाहतूक तुंबते. बोट कुणासाठी थांबत नाही, म्हणून बोटीवर परतायच्या ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधीच माहोहून निघा. हिवाळ्यात बेटांची वेळ फ्लोरिडाच्या एक तास पुढे असते. एक मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेवर लावा आणि फोनवर विसंबू नका.

जाण्याचा काळ जानेवारी ते एप्रिल उत्तम. वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. तेव्हा तिकिटं स्वस्त असतात, पण वादळ आलं तर बंदरं बदलतात. प्रवास विम्यात बोटीवरून हलवून रुग्णालयात नेण्याचा खर्च आहे का, हे तपासा. निघायच्या आदल्या दिवशीच फ्लोरिडात पोचा, आणि परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या.

पुढच्या खेपेला आम्ही सान हुआनहून सुटणाऱ्या दक्षिणेकडच्या क्रूज पाहतोय. तिथून बेटं जवळजवळ असल्याने समुद्रातले दिवस कमी आणि बंदरं जास्त मिळतात. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, मार्टिनिक मात्र फ्रान्सचं आहे, त्यामुळे ते यादीत असेल तर चौकशी आधी.