पोळ्यापासून वेचणीपर्यंत: आमच्या विणकाम गटाची यंदाची नोंद

निंदणाची घाई ओसरून पोळा पार पडला की आमच्या गावातील बायकांच्या हाताला थोडी उसंत मिळते, आणि सीतादही ही शेतातली पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की ती उसंत संपते. मधल्या काळातही सोयाबीनची सोंगणी येते, पण ती लवकर आटोपते. थंडी खऱ्या अर्थाने जाणवू लागते तेव्हा विणणारे हात शेतात असतात, त्यामुळे टोप्या आणि गळपट्टे दिवाळीपूर्वीच बांधून तयार असावे लागतात. यंदाचे काम याच हिशेबाने आखले होते आणि ते बहुतांशी वेळेत झाले आहे. विणकामाची आवड असणाऱ्यांना मापे, टाके आणि लोकरीची निवड यांबाबतचे आमचे निर्णय उपयोगी पडतील, म्हणून ते कारणांसह लिहून ठेवत आहे.

आमचे गाव अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. गट मुळात बचत गटातून निघालेला असून लोकरीचा खर्च दरमहा जमणाऱ्या वर्गणीतून होतो आणि खरेदी परतवाड्याच्या बाजारात होते. विदर्भात लोकरीचे काय काम, असे बाहेरचे लोक हसत विचारतात, कारण त्यांना येथील मे महिनाच तेवढा ठाऊक असतो. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, आणि डोंगराला लागून असलेल्या ओलिताच्या शेतात पहाटेचा गारवा शहरापेक्षा अधिक बोचतो. येथील दुपार हिवाळ्यातही उबदार असल्यामुळे घरांमध्ये थंडीची वेगळी तयारी फारशी नसते, आणि म्हणूनच रात्र जड जाते.

आमचे विणकाम तीन ठिकाणी जाते: डोंगरातील आरोग्य केंद्रात जन्मणाऱ्या बाळांकडे, आश्रमशाळेच्या वसतिगृहातील मुलांकडे, आणि रात्री ओलितासाठी किंवा जागलीसाठी शेतावर राहणाऱ्या मजुरांकडे. या तिघांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की एकाच नमुन्याच्या टोप्या लहान-मोठ्या करून तिन्हीकडे देणे म्हणजे निम्म्या टोप्या खुंटीवर टांगण्यासाठी विणणे होय. विणणारीला वेणीची वीण किंवा जाळीचा नमुना आवडतो, हे खरे आहे आणि त्यात गैर काही नाही; परंतु ती हौस घरच्या स्वेटरवर भागवावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम मापाविषयी. आम्ही चार पदरी, मध्यम जाडीची लोकर आणि आठ नंबरच्या म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया वापरतो. या जोडीवर साधारणपणे १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ते ३० ओळी बसतात. मात्र गटात प्रत्येकीचा हात निराळा असतो. आमच्या काकू उजव्या हाताने धागा फेकून विणतात, तर मोबाइलवर पाहून शिकलेल्या मुली धागा डाव्या बोटावर धरून विणतात, आणि दोघींचे टाके सारखे येत नाहीत. म्हणून प्रत्येकीकडून आधी नमुन्याचा चौकोन विणून घेतला आणि ज्यांची वीण घट्ट त्यांना सात नंबरच्या म्हणजे जाड, तर ज्यांची ढिली त्यांना नऊ नंबरच्या म्हणजे बारीक सुया दिल्या. हात बदलायला सांगण्यापेक्षा सुई बदलणे सोपे, आणि त्यात कोणाचा मानही दुखावत नाही. भाद्रपदातील उकाड्यात घामेजलेल्या बोटांवर धागा अडखळतो आणि वीण आपोआप आवळत जाते, म्हणून चौकोन दुपारी विणून घेऊ नये, सकाळी घ्यावा.

टोपी डोक्याच्या घेरापेक्षा सुमारे एक दशांशाने लहान असावी, म्हणजे ती ताणून बसते आणि घसरत नाही. सहा ते आठ वर्षांच्या मुलाचे डोके ५१-५२ सेंटिमीटरचे धरले तर टोपीचा घेर ४७ सेंटिमीटर हवा, म्हणून १०४ टाके. मोठ्या माणसासाठी ११२. पूर्ण दिवसांच्या बाळाचे डोके सुमारे ३५ सेंटिमीटर असते, त्याला ७२ टाके पुरतात, आणि कमी वजनाच्या बाळासाठी ६४. हे चारही आकडे आठाने भाग जाणारे मुद्दाम घेतले आहेत, कारण त्यामुळे माथ्याचे आठ सारखे भाग पडतात आणि टाके कमी करण्याची एकच रीत सगळ्यांना लागू होते. आमच्याकडे गोल सुया थोड्याच जणींकडे असल्याने बहुतेक टोप्या सरळ सुयांवर विणून मागे शिवल्या जातात, म्हणून शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका अधिक घालावा.

मुलांच्या टोपीची रीत अशी आहे. दहा नंबरच्या दोन सुया एकत्र धरून त्यांवर १०६ टाके घालावेत, म्हणजे कड ताणली जाते आणि कपाळावर वळ उठत नाही. नंतर एक सुई काढून घेऊन एक सुलट एक उलट अशी पट्टी १० सेंटिमीटर विणावी, कारण तिचा निम्मा भाग बाहेर दुमडायचा असतो. मग आठ नंबरच्या सुयांवर एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असे विणत एकूण उंची १८ सेंटिमीटर करावी. माथ्यासाठी सुलट ओळीत कडेचा टाका सोडून ११ सुलट, दोन टाके एकत्र, असे आठ वेळा करावे. पुढच्या सुलट ओळीत १० सुलट, दोन एकत्र. आणि असेच उतरत कडेचे दोन सोडून १६ टाके उरेपर्यंत जावे. धागा लांब तोडून सगळ्या टाक्यांमधून ओवून आवळावा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घालावी. दुमडीच्या भागात शिवण उलट्या बाजूने घातली म्हणजे दुमडल्यावर ती दिसत नाही.

आश्रमशाळेच्या टोप्यांवर प्रत्येकीने निराळ्या रंगाची पट्टी घालायची, असा नियम केला आहे. तो शोभेसाठी नाही. वसतिगृहात सारख्या टोप्यांची अदलाबदल होते आणि टोपीबरोबर उवाही एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातात. आपली पट्टी ओळखू आली की मूल आपलीच टोपी उचलते.

जागलीच्या टोपीने सर्वांत अधिक विचार करायला लावला. हरभरा आणि तूर रानडुकरांपासून राखण्यासाठी माणसे मचाणावर रात्र काढतात, आणि शेतीपंपांची वीज पाळीपाळीने मिळत असल्याने रात्रीच्या पाळीत पाण्याचे बारे धरायलाही जावे लागते. कान झाकणारी जाड माकडटोपी हेच या कामासाठी योग्य, असे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरले होते. नमुना दाखवायला नेला तेव्हा शेजारच्या मळ्यातील आजोबा म्हणाले, "कान झाकले त् डुक्कर कसं आयकू येईन?" त्यांचे म्हणणे रास्त होते. जागल करणाऱ्याला उबेइतकीच कानांची गरज असते आणि आवाज नीट येत नसला की तो टोपी वर सारतो, म्हणजे ती असून नसल्यासारखीच. म्हणून मोठ्यांच्या टोपीची दुमड चांगली सात सेंटिमीटरची ठेवली. ती खाली ओढली की कानांवर विणीचा एकच पातळ थर येतो, वर घेतली की कान मोकळे आणि कपाळावर दुहेरी थर. रंग मळखाऊच मागितले गेले. तपकिरी, करडा, गडद हिरवा.

लांब मफलर आम्ही मजुरांसाठी विणतच नाही. मळणी यंत्राच्या पट्ट्यात साडीचा पदर किंवा दुपट्टा अडकून होणारे अपघात खेड्यात कोणाला सांगावे लागत नाहीत, आणि सायकलच्या चाकात गुंतणारे टोकही तितकेच घातक असते. त्याऐवजी टोके नसलेला गोल गळपट्टा करतो. त्यासाठी शिवणीचे धरून १३० टाके, दोन सुलट दोन उलट, आणि उंची २२ सेंटिमीटर. टाके बंद करताना सुई एक नंबराने जाड घ्यावी, नाहीतर तो डोक्यातून उतरत नाही. वर ओढला की नाक-तोंड झाकते, आणि लोकरही मफलरपेक्षा बरीच कमी लागते. खुर्चीवर बसून दिवस काढणाऱ्या वृद्धांसाठी मफलर जरूर विणावेत.

बाळांच्या टोप्यांबाबत नियम अधिक कडक आहेत. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला स्वतःची ऊब टिकवणे अवघड जाते. शरीराच्या मानाने त्याचे डोके मोठे असल्याने तेथून बरीच उष्णता निघून जाते. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. तीत बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढेच असते, त्यामुळे या टोपीला खरोखर काम आहे. तिला गोंडा, बटण, मणी किंवा गळ्याशी बांधायची नाडी यांपैकी काहीही नको. जाळीची वीण नको, कारण बाळाची बोटे त्यात अडकतात. दोन रंगांचे नमुने विणताना आतल्या बाजूस जे सैल धागे राहतात, तेही नकोत. मोज्यांमध्ये तर असा धागा बोटाला गुंडाळला जाऊन रक्तप्रवाह थांबवू शकतो. रंग फिके घ्यावेत, म्हणजे मळ लगेच दिसतो. बाळाला टोपी किती वेळ ठेवायची, हे मात्र परिचारिकेने सांगावे, कारण बाळाला फाजील उकडणेही धोक्याचे असते.

लोकरीच्या निवडीत आमचा क्रम पुष्कळांना उलटा वाटेल. सर्वांत चांगली खरी लोकर बाळाला द्यावी, अशी सहज भावना असते. आम्ही ती जागलीवाल्याला देतो. तो रात्रभर शेकोटीपाशी बसतो, आणि ॲक्रिलिकवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते, तर मेंढीची लोकर सहसा पेट घेत नाही, नुसती करपते. बाळाची टोपी वारंवार धुवावी लागते आणि ती आई घरी कशी धुईल हे आपल्या हाती नसते. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटून नमद्यासारखी घट्ट होते, म्हणून तेथे मऊ ॲक्रिलिकच बरे. तेही उकळू नये, नाहीतर ढिले पडते. ही सूचना आम्ही प्रत्येक टोपीसोबत मराठीत लिहून देतो, आणि कोरकू आदिवासी कुटुंबांना आशाताई, म्हणजे गावातील आरोग्य स्वयंसेविका, त्यांच्या भाषेत समजावून सांगतात.

कापसाच्या मुलखात कापसाचे सूत का वापरत नाही, हा प्रश्न दर वर्षी येतो. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, टोपी दोन दिवसांत सैल होते, आणि घामाने किंवा दवाने भिजलेले सूत ऊब धरत नाही. बाळाच्या टोपीला आतून जुन्या धुतलेल्या मऊ सुती कापडाचे अस्तर लावणे हा त्याचा योग्य उपयोग आहे. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम, पण ती राठ असल्याने कपाळाला टोचते.

साठवणीचा एक नियम गटात कोणालाही मोडू देत नाही: लोकरीच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत. त्या गोळ्यांतील नॅफ्थलीनची वाफ कपड्यांत मुरते, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या नवजात बाळाच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटून कावीळ जिवावर बेतू शकते. अशी कमतरता कोणत्या बाळात आहे, हे टोपी विणताना कळणे शक्य नाही. आम्ही लोकर उन्हात घालून, वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह कापडी पिशवीत बांधून ठेवतो, आणि गोळ्यांचा वास येणारी दान आलेली लोकर बाळांसाठी घेत नाही, मग ती कितीही मऊ असो.

यंदा यादीत मनगटपट्ट्यांची भर पडली. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, आणि अंगाला थंडी लागणे हे त्यांच्या वेदनेचा झटका उठण्याचे एक ज्ञात कारण आहे. या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. औषधोपचार हे डॉक्टरांचे काम आहे आणि लोकरीने आजार हटत नाही. परंतु पहाटे गार पाण्याने तोंड धुऊन शाळेत जाणाऱ्या मुलाचे हात उबदार ठेवणे आपल्याला जमते. पूर्ण हातमोजे घालून मुलांना लिहिता येत नाही, म्हणून बोटे मोकळी ठेवणारे पट्टे निवडले. दहा नंबरच्या सुयांवर ४० टाके, दोन सुलट दोन उलट, १५ सेंटिमीटर उंची, आणि शिवताना अंगठ्यासाठी चार सेंटिमीटरची फट. उरलेल्या छोट्या गुंड्यांतून हे सहज निघतात.

सध्या बाळांच्या आणि शाळेच्या टोप्या शिवून, धुऊन तयार आहेत. गळपट्ट्यांची शिवण चालू आहे. मोठ्यांच्या टोप्या मात्र मागे आहेत, कारण खऱ्या लोकरीचा तपकिरी रंग बाजारात संपला आणि नव्या मालाच्या लेबलवरचा लॉट क्रमांक वेगळा निघाला. दोन लॉटची छटा जुळत नसल्याने नवी लोकर फक्त दुमडीसाठी आणि जुनी माथ्यासाठी वापरायचे ठरले आहे. वेचणी सुरू झाल्यावर ज्या आजींना शेतात जाणे होत नाही, त्या एवढ्या टोप्या पुऱ्या करतील. त्यानंतर पायमोजे हाती घ्यायचे आहेत. सरळ दोन सुयांवर टाच वळवण्याची रीत आमच्यापैकी एकाच काकूंना येते आणि त्या ती ओळी न मोजता अंदाजाने विणतात, तेव्हा आधी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसावे लागेल.